यजमान कोण?

दोन पावसाळ्यांपूर्वी माझ्याकडे भाषांतरासाठी एक छोटी पुस्तिका आली. सोळा पानांची, शेतकऱ्यांसाठी, गाजर गवत आणि ते खाणाऱ्या भुंगेऱ्याविषयीची. मी एरवी कन्नड कथा-कादंबऱ्या मराठीत आणते; इंग्रजीतले हे काम दोन संध्याकाळींत उरकेल असे वाटले होते. तिसऱ्याच पानावर अडले. किडा ज्या झाडावर जगतो त्या झाडाला इंग्रजीत ‘होस्ट’ म्हणतात, आणि मराठी कृषिलेखनात त्यासाठी ‘यजमान वनस्पती’ हा शब्द रूढ आहे. यजमान म्हणजे बोलावणारा, पाट मांडणारा, आग्रहाने वाढणारा. झाडाने किड्याला कधी आवतण दिले होते? पण शब्द रूढ होता, म्हणून तोच लिहिला आणि पुढे गेले.

मी मूळची पुण्याची. गेली अठरा वर्षे उत्तर बेंगळुरूत, येलहंक्याच्या बाजूला राहते. आमच्या इमारतीशेजारी एक रिकामा प्लॉट आहे. दर पावसाळ्यात तो गाजर गवताने कमरेएवढा भरतो. त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या आंटींनी मला गच्चीवर बोलावले. त्यांच्या कुंड्यांत वांगी, टोमॅटो आणि मिरच्या असतात. वांग्याच्या पानांची चाळण झाली होती आणि पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर पंधरा-वीस भुंगेरे बसले होते: मळकट पांढरे, पाठीवर तपकिरी रेघा, लांबीला जेमतेम अर्धा सेंटिमीटर. “काँग्रेस गिडाचा हुळू आहे हा,” त्या म्हणाल्या. “गवत संपलं, आता माझी बदनेकाई खातोय. तुम्ही याच्यावरच पुस्तक लिहिताय ना? हा चांगला म्हणे?”

पाने उलटून पाहिल्यावर खरा चोर सापडला. वांग्याच्या पानाखाली विटकरी रंगाचा, अंगावर काळे ठिपके असलेला वेगळाच किडा होता. त्याला शेतकरी हाड्डा म्हणतात. त्याच्या पाठीवर अठ्ठावीस ठिपके असतात आणि तो मावा खाणाऱ्या, उपकारी ढालकिड्यांच्या घराण्यातला आहे. फक्त हा पालेभाजीवर जगतो. वांगे, बटाटा, टोमॅटो ही त्याची आवडती पाने. रेघांचा भुंगेरा मात्र शेजारच्या प्लॉटमधून आला होता. तिथल्या गवताच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या, आणि खायला न उरल्याने तो भिंती, दिवे, खिडक्या धरत हिंडत होता. आंटींनी चुकीच्या पाहुण्यावर आळ घेतला होता. पण त्यांची भीती वेडगळ नव्हती. तिला दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि तो सुरू होतो वांग्याच्याच कुळात.

पानांवर जगणाऱ्या भुंगेऱ्यांचे एक मोठे कुटुंब आहे. त्यातला सर्वांत कुप्रसिद्ध कोलोरॅडो बटाटा भुंगेरा: पिवळा, पाठीवर दहा काळ्या रेघा. थॉमस से या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने १८२४ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले तेव्हा तो कोणाच्याही खिजगणतीत नव्हता. एका काटेरी, पिवळ्या फुलांच्या रानझाडावर तो जगत असे. ते झाड मूळचे मेक्सिकोकडचे, वांग्याच्या कुळातले. बटाटा, टोमॅटो, मिरची, तंबाखू, धोतरा हे सगळे याच कुळातले. बटाटा हा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा. तो आधी युरोपात गेला, तिथून वसाहतवाल्यांबरोबर उत्तर अमेरिकेत आला आणि त्यांच्या गाड्यांबरोबर पश्चिमेकडे सरकत राहिला. काटेरी झाड दक्षिणेकडून वर आले होते. दोघांची गाठ मैदानी प्रदेशात पडली आणि १८५९ साली नेब्रास्कात हा भुंगेरा बटाट्याच्या शेतांवर उतरला. १८७४ पर्यंत तो अटलांटिकच्या किनाऱ्याला पोहोचला. त्याला मारण्यासाठी ‘पॅरिस ग्रीन’ हे सोमलयुक्त हिरवे रंगद्रव्य शेतांवर टाकले जाऊ लागले. पिकांवर रासायनिक विष मोठ्या प्रमाणावर वापरण्याची सुरुवात बऱ्याच अंशी या किड्यापासून झाली.

या घटनेने जगभरच्या शेतीखात्यांच्या मनात एक धास्ती कायमची बसवली: किडा ताट बदलू शकतो. काल ज्या रानझाडावर होता ते सोडून उद्या आपल्या पिकावर बसेल. १८७५ पासून युरोपातल्या देशांनी अमेरिकन बटाट्याला बंदी घालायला सुरुवात केली. १८७७ साली ब्रिटनने विध्वंसक कीटकांविरुद्ध खास कायदा केला. भारतात १९१४ साली झालेल्या कीड-नियंत्रण कायद्याच्या नावातही तोच ‘विध्वंसक कीटक’ हा शब्दप्रयोग आहे. एवढे करूनही १९२२ साली भुंगेरा फ्रान्समध्ये बोर्दोजवळ स्थिरावला आणि पुढच्या तीस वर्षांत पूर्वेकडे पसरत गेला. १९५० साली पूर्व जर्मनीच्या सरकारने अमेरिकन विमानांनी हे किडे आकाशातून टाकल्याचा आरोप केला आणि त्यांना ‘आमीकेफर’, म्हणजे अमेरिकन भुंगेरे, असे नाव दिले. शाळकरी मुलांना शेतात किडे वेचायला पाठवले. विमानांची गोष्ट प्रचाराची होती. किडे आपल्या पायांनी आणि पंखांनीच आले होते.

तौलनिक साहित्य शिकताना आम्हाला सांगत, की शब्द कुठून आला यापेक्षा तो कोणाकडे बोट दाखवतो ते पाहा. ‘आमीकेफर’ वाचले तेव्हा मला आपले ‘काँग्रेस गवत’ आठवले.

१९५५ साली पुण्यात कचऱ्याच्या ढिगांवर एक अनोळखी झुडूप दिसले. गाजरासारखी पाने, पांढरी बारीक फुले. आर. शेषगिरी राव यांनी पुढच्या वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारतासाठी नवी म्हणून त्याची नोंद केली. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टरोफोरस, मूळ मुलूख मेक्सिको आणि आसपासचा अमेरिका खंड. मराठीत गाजर गवत, चटक चांदणी आणि सगळ्यांत जास्त तोंडी असलेले काँग्रेस गवत. पीएल-४८० करारातल्या अमेरिकन गव्हाबरोबर ते आले, आणि तो गहू काँग्रेस सरकारने आणला म्हणून गवत काँग्रेसचे, ही व्युत्पत्ती मी लहानपणी पुण्यात ऐकली आणि पुढे जशीच्या तशी बेंगळुरूत कन्नडमध्ये ऐकली. गोष्ट पटण्यासारखी आहे. अडचण तारखांची आहे. भारताने त्या कायद्याखालचा पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये केला आणि झुडूप त्याआधीच पुण्यात उभे होते. अमेरिकन धान्य त्यापूर्वी १९५१ सालीही आले होते, त्यामुळे बी गव्हाबरोबर आल्याची शक्यता राहतेच. पण डेहराडूनच्या वनसंग्रहात ब्रँडिस यांनी १८८० साली गोळा केलेला नमुनाही सांगितला जातो. म्हणजे वनस्पती एकदाच आली असेल असेही नाही. लोकांनी मात्र एक तारीख, एक जहाज आणि एक यजमान ठरवून टाकला.

माझ्यासाठी हे गवत म्हणजे बाबांचे हात. ते निवृत्तीनंतर सोसायटीच्या आवारातले तण स्वतः उपटत. साठीत त्यांच्या कोपरांच्या आतली आणि मानेवरची कातडी जाड, काळी, चिरलेली झाली. उन्हाळ्यात बरी, पावसाळ्यात पुन्हा. पुण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांना हे चित्र फार आधीपासून माहीत होते, डॉ. लोणकर आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी १९७४ साली या गवताने होणाऱ्या त्वचादाहावर सविस्तर निबंध लिहिला. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतही पी. व्ही. सुब्बा राव आणि सहकारी सत्तरच्या दशकात याच रोगाचा अभ्यास करत होते. पानांवरच्या बारीक केसांत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते, आणि ते सहन न होणाऱ्या माणसाला गवताची वाळलेली धूळसुद्धा पुरते. बाबा शेवटपर्यंत पूर्ण बाह्यांचा सदरा घालून फिरले.

पुण्याने गवत पाहिले, उतारा बेंगळुरूने शोधला. हेसरघट्ट्याच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने १९८३ साली मेक्सिकोतून एक पानभुंगेरा आणवला: झायगोग्रामा बायकलोराटा. कोलोरॅडो भुंगेऱ्याचा हा जवळचा नातेवाईक, त्याच उपकुळातला, तसाच घुमटाकार, तसाच रेघांचा. हे नाते कीटकशास्त्रज्ञांना अर्थातच ठाऊक होते. ज्या घराण्यातल्या एकाने बटाट्याचा सर्वनाश मांडला त्याच घराण्यातल्या दुसऱ्याला आपण हाताने दार उघडून आत घेत होतो. ऑस्ट्रेलियाने तो १९८० साली क्वीन्सलँडमध्ये सोडला होता, पण तिथे सुरक्षित ठरलेला किडा इथल्या पिकांना सुरक्षित असेलच असे नाही. म्हणून बंदिस्त खोलीत त्याच्यापुढे चाळीस जातींच्या वनस्पती ठेवण्यात आल्या. प्रश्न एकच: उपाशी ठेवले तर हा दुसऱ्या कशाला तोंड लावतो का? के. पी. जयंत आणि सुधा नागरकट्टी यांनी हे निष्कर्ष १९८७ साली प्रसिद्ध केले. भुंगेरा गाजर गवतावरच वाढत होता. १९८४ साली तो बेंगळुरूच्या परिसरात सोडला गेला.

या परीक्षा देखाव्याच्या नव्हत्या, याचा पुरावा त्याच काळातला दुसरा पाहुणा आहे. गाजर गवताच्या खोडात गाठी करणारा एपिब्लेमा नावाचा पतंग मेक्सिकोतून आणला गेला होता. ऑस्ट्रेलियात तो १९८२ पासून मोकळा आहे आणि उत्तम काम करतो. बेंगळुरूच्या प्रयोगशाळेत मात्र तो कारळ्यावर वाढू शकतो असे दिसले. ऑस्ट्रेलियाला कारळे म्हणजे काय ते ठाऊक असण्याचे कारण नाही. आपल्याकडे ते डोंगरउतारावरच्या गरीब शेतकऱ्याचे तेलबियांचे पीक आहे, आणि कारळ्याची चटणी खाल्लेल्या माणसाला त्याचे मोल वेगळे सांगायला नको. पतंगाची सगळी पैदास नष्ट करण्यात आली. एका देशाचा मित्र दुसऱ्या देशाच्या उंबऱ्यावरून परत पाठवला गेला.

भुंगेऱ्याला स्थिरावायला वेळ लागला. तो पानांच्या खालच्या बाजूला अंडी घालतो, पिवळसर अळ्या कोवळे शेंडे आणि फुलांच्या कळ्या कुरतडतात, कोषावस्था मातीत जाते, आणि कोरड्या महिन्यांत प्रौढ भुंगेरे जमिनीखाली झोपून राहतात. पहिला जोरदार पाऊस झाला की वर येतात. १९८८ च्या सुमारास बेंगळुरूत मोठमोठे पट्टे निष्पर्ण झालेले दिसू लागले. गवत झडले तिथे पूर्वीचे गवत-झुडूप परत येते का, याचाही पाठपुरावा पुढे झाला, आणि काही ठिकाणी ते आले. इथपर्यंतची गोष्ट यशाची आहे.

मग सूर्यफूल आले. कर्नाटकात सूर्यफुलाचे पीक मोठे. गाजर गवत आणि सूर्यफूल एकाच कुळातले, आणि बांधावर एक, शेतात दुसरे असे शेजारीही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सूर्यफुलाच्या पानांवर हे भुंगेरे बसलेले, पाने कुरतडलेली दिसली. गदारोळ झाला. कृषी-शास्त्रज्ञांतच दोन तट पडले. केंद्र सरकारने चौकशी समिती नेमली आणि भुंगेरे सोडण्याचे काम थांबले.

या वादाकडे पाहताना शेतकऱ्याची बाजू घेतल्याशिवाय राहवत नाही. कोलोरॅडो भुंगेऱ्याने कुळातल्या कुळातच ताट बदलले होते, रानवांग्यावरून बटाट्यावर. गाजर गवतावरून सूर्यफुलावर जाणे म्हणजे अगदी तशीच उडी झाली असती. शिवाय नेब्रास्कात किडा आपला आपण आला होता. इथे तो एका संस्थेने आणला होता. ज्याच्या बांधावर तो उतरला त्याला कोणी विचारले नव्हते. चाळीस झाडांच्या यादीत त्याचे पीक सुरक्षित ठरले होते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि सांगितले असते तरी समोरचे फाटके पान त्याला जास्त खरे वाटले असते.

उत्तर एका परागकणात मिळाले. जयंत आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले, की गाजर गवताचे पराग सूर्यफुलाच्या पानांवर पडले असतील तर भुंगेरे ती पाने कुरतडतात. वाऱ्याने उडालेले पराग भुंगेऱ्याला गवताचीच चव देत होते. खोलीतल्या परीक्षेत स्वच्छ पाने दिली गेली होती. शेतातले पान शेजाऱ्याची धूळ अंगावर घेऊन उभे असते. शेजारचे गवत संपले की हजारोंनी उपाशी झालेले प्रौढ भुंगेरे त्या धुळीच्या वासाने आत शिरत. सूर्यफुलावर त्यांची वस्ती मात्र टिकली नाही. समितीने अखेर भुंगेऱ्याला निर्दोष ठरवले आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी बंदी उठली. आज परभणीच्या कृषी विद्यापीठासारख्या संस्था हे भुंगेरे शेतकऱ्यांना देतात, पुण्याच्या माळांवर ते पावसाळ्यात दिसतात, आणि कोणी न नेता ते पाकिस्तान आणि नेपाळपर्यंत पोहोचले आहेत. चाळीस वर्षांत सूर्यफुलाची कीड म्हणून त्यांचे नाव झालेले नाही.

गवतही संपलेले नाही, हे कबूल केले पाहिजे. भुंगेरा पावसाळ्याचा, जिथे बारमाही ओल आहे तिथे गवत त्याच्या झोपेच्या महिन्यांत उगवून घेते. एका झाडाचे बी हजारोंनी पडते. किड्याने गवताला हद्दीत ठेवले, हद्दपार केले नाही. दरवर्षी ऑगस्टमध्ये देशभर गाजर गवत निर्मूलन सप्ताह पाळावा लागतो तो त्यामुळेच.

कोलोरॅडो भुंगेऱ्याची एक बाजू मला या वाचनात नव्याने कळली. मेक्सिकोत राहिलेल्या त्याच्या भाऊबंदांना बटाट्यावर ठेवले तर ते नीट वाढत नाहीत. म्हणजे १८५९ साली कोण्या लबाड किड्याने एका रात्रीत ताट बदलले नव्हते. मैलोन्‌मैल एकच पीक लावून, पिढ्यान्‌पिढ्या पाने समोर ठेवून, माणसानेच त्या बदलाला वेळ आणि जागा दिली होती. त्या गोष्टीत यजमान कोण, बटाटा की नांगर धरणारा? बेंगळुरूच्या गोष्टीत यजमान कोण, गवत, ज्यावर भुंगेरा जगतो. संस्था, जिने त्याला बोलावले. की सूर्यफुलाचा शेतकरी, ज्याच्या दारात तो न सांगता उभा राहिला? शास्त्राचा शब्द पहिल्याकडे बोट दाखवतो. इतिहास दुसऱ्याकडे. खर्चाची भीती तिसऱ्याने सोसली.

पुस्तिकेत मी शेवटी ‘यजमान वनस्पती’ खोडले आणि ‘खाद्यवनस्पती’ लिहिले. ‘मित्रकीटक’ हा शब्द ठेवला, कारण बाबांचे हात पाहिलेल्या मला तो खोटा वाटत नाही. पण काम देणाऱ्यांना एक परिच्छेद वाढवायला सांगितला: गवत संपल्यावर भुंगेरे आसपासच्या पिकांवर दिसू शकतात, ते का दिसतात, किती दिवस राहतात, आणि तेव्हा फवारणी न करता काय पाहायचे. मूळ मजकुरात नाही, जागाही नाही, असे उत्तर आले. मी दोनदा लिहिले. तिसऱ्यांदा त्यांनी मागच्या पानावरच्या बोधचिन्हाखाली चार ओळींची जागा दिली. चार ओळींत परागकण बसला.

आंटींना मी ती पाने कन्नडमध्ये तोंडी सांगितली. हाड्ड्याची अंडी पानाखाली कशी ओळखायची तेही दाखवले. आता त्या सकाळी चष्मा लावून पाने उलटतात आणि सापडलेले किडे साबणाच्या पाण्यात टाकतात. रेघांच्या भुंगेऱ्यांना त्या सूप घेऊन भिंतीवरून अलगद झाडतात आणि गच्चीच्या कठड्यावरून खाली प्लॉटमध्ये सोडतात. “तुमच्या गवताकडे जा,” असे त्यांना सांगतात. प्लॉटवर या वर्षी बांधकामाची पाटी लागली आहे.